दंतोलूखलाचे रक्षण : दात काढल्यानंतरचे अस्थिरोपण

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील अस्थिगणना आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केलेली आहे. ३६० अस्थींच्या त्या गणनेत ३२ दात आहेत आणि त्यांच्या जोडीला ३२ दंतोलूखले स्वतंत्रपणे मोजलेली आहेत. उलूखल म्हणजे उखळ. दात ज्यात रोवलेला असतो ती जबड्यातील खाच म्हणजे दाताचे उखळ. सुश्रुतांनी ३०० अस्थी सांगताना दातांना रुचक अस्थींत स्थान दिले, पण ही उखळे वेगळी धरली नाहीत. परीक्षेत आपण हा फरक मतभेद म्हणून लिहितो आणि पुढे जातो. दात गेल्यावर त्या उखळाचे काय होते, हा प्रश्न मात्र आमच्या मनात कित्येक वर्षे आलाच नव्हता. तो एका रुग्णामुळे आला.

रुग्ण अडतीस वर्षांचे किराणा दुकानदार. स्कूटरवरून पडल्याने वरचा पुढचा दात मुळाशी तडकला होता. दंतवैद्यांनी दात काढावा लागेल, त्याच वेळी पोकळीत ‘हाड भरावे’ आणि काही महिन्यांनी तेथे इम्प्लांट बसवावे, असे सुचवले. हाड भरण्याचा खर्च वेगळा होता. रुग्ण आमच्याकडे आले ते एकच विचारायला, “डॉक्टर, हे हाड भरणं खरंच लागतं का?” आम्ही विशेष विचार न करता सांगितले की शरीर स्वतःच हाड भरून काढते, जखम भरू द्या, आम्ही अस्थिपोषक औषध देतो. त्यांनी केवळ दात काढून घेतला आणि आमच्याकडून तीन महिने लाक्षा व आभा गुग्गुळ नेले. साधारण चौदा महिन्यांनी ते पुन्हा दंतवैद्यांकडे गेले, तेव्हा ओठाच्या बाजूची हिरडी आत खचली होती आणि स्कॅनमध्ये हाडाची रुंदी इम्प्लांट पेलण्याइतकी उरलेली नव्हती. आता हनुवटीतून हाडाचा तुकडा काढून तेथे स्क्रूने बसवावा लागणार होता. एकाऐवजी दोन शस्त्रक्रिया, दोन जखमा आणि मूळच्या कितीतरी पट खर्च. त्यांनी आम्हांला दोष दिला नाही, आमच्या औषधाचा उल्लेखही केला नाही. त्यामुळे ते आम्हांला अधिक लागले. प्रस्तुत लेखाचे निमित्त हेच आहे.

उखळ का झिजते?

आमचे विधान अर्धे बरोबर होते. दात काढल्यावर पोकळी हाडाने भरते, यात शंका नाही. प्रथम रक्ताची गुठळी होते. आठवडाभरात तिची जागा कोवळा मांसांकुर घेऊ लागतो. चार ते सहा आठवड्यांत त्यात कच्चे, विस्कळीत हाड दिसू लागते आणि वरून हिरडीची त्वचा मिटते. पुढे काही महिन्यांत त्या कच्च्या हाडाचे पक्के हाड होते. पोकळी तळापासून वर भरत येते. परंतु ती भरत असतानाच तिच्या भिंती ढासळत असतात, आणि ही दुसरी गोष्ट आम्ही लक्षात घेतली नव्हती. विहीर गाळाने भरली तरी तिचे कठडे उरतीलच असे नाही.

भिंती ढासळण्याचे कारण दाताच्या रचनेत आहे. दात हाडात थेट चिकटलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे एक पातळ आवरण असते. हे तंतू एका टोकाने मुळात आणि दुसऱ्या टोकाने पोकळीच्या आतल्या हाडाच्या थरात रुतलेले असतात. या आतल्या थराचे अस्तित्व दातावरच अवलंबून असते. त्याला रक्त मिळते ते बऱ्याच अंशी त्या तंतुमय आवरणातून, आणि चावताना येणारा ताणही त्यातूनच. दात निघाला की आवरण जाते, रक्तपुरवठा तुटतो, ताण संपतो आणि हा थर शोषला जातो. स्वीडनमधील लिंडे आणि त्यांचे सहकारी अराउजो यांनी २००५ मध्ये श्वानांवरील प्रयोगात हे टप्प्याटप्प्याने दाखवले. आठ आठवड्यांतच गालाकडील भिंत जिभेकडील भिंतीपेक्षा स्पष्टपणे खाली गेली होती. याचे कारण असे की गालाकडील भिंतीचा काठ जवळजवळ संपूर्णपणे याच परावलंबी थराचा असतो. माणसात वरच्या पुढच्या दातांपुढील भिंत बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. आमच्या रुग्णाचा दात नेमका तेथलाच होता.

ही घट किती होते याचे मापनही झालेले आहे. डेन्मार्कमधील श्रॉप आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकेक दाढ किंवा उपदाढ काढलेल्या रुग्णांची बारा महिने पाहणी केली. त्या काळात वरंब्याची रुंदी सुमारे निम्म्याने कमी झाली आणि त्यातील दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली. (दात ज्या लांबट अस्थिभागावर उभे असतात त्याला आम्ही येथे शेतातल्यासारखा वरंबा म्हणत आहोत.) २०१२ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात सहा महिन्यांतील रुंदीची घट २९ ते ६३ टक्के आणि उंचीची घट ११ ते २२ टक्के आढळली. म्हणजे ‘बघू, वर्षभराने’ असे म्हणणाऱ्या रुग्णाचे मोठे नुकसान पहिल्या तिमाहीतच होऊन गेलेले असते.

सर्व दात गेलेल्यांमध्ये ही झीज थांबतच नाही. टॉलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांची पंचवीस वर्षांपर्यंतची निरीक्षणे १९७२ मध्ये मांडली. खालच्या जबड्यातील झीज वरच्याच्या सुमारे चौपट होती. आपल्याकडे येणारी आजी “खालची कवळी बसतच नाही हो, सारखी तरंगते” अशी तक्रार करते, तेव्हा दोष कवळी करणाऱ्याचाच असतो असे नाही. कवळीला धरून ठेवणारा वरंबाच उरलेला नसतो.

प्राचीन दंतोद्धरण आणि आजचा प्रश्न

सुश्रुतांनी निदानस्थानात मुखाच्या सात आयतनांतील ६५ रोग सांगितले, त्यांत दंतमूलांचे १५ आणि दातांचे ८ आहेत. चिकित्सास्थानात हलणारा दात काढून त्या जागेचे दहन करावे असे त्यांनी म्हटले आहे. तसेच वरचा दात हलत असला तरी काढू नये, अतिरक्तस्रावाने नेत्रनाश व अर्दितासारखे उपद्रव होतात, असा इशाराही दिला आहे. वाग्भटांच्या यंत्राध्यायात चार अंगुळे लांबीचे शरपुंखमुख यंत्र दात पाडण्यासाठी आले आहे. दंतोद्धरणाची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे, हे दाखवायला एवढे पुरे आहे.

तथापि या वचनांतून अस्थिरोपणाचा अर्थ काढणे आम्हांला मान्य नाही. दहनाचा हेतू रक्तस्तंभन आणि कृमिनाश हा होता. वरंब्याचे रक्षण हा प्रश्नच तेव्हा उपस्थित झालेला नव्हता, कारण त्या हाडात काही रोवायचे नव्हते. हा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण झाला तो १९६५ मध्ये, जेव्हा स्वीडनच्या गोथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट प्रथम बसवले. हाड या धातूला घट्ट धरते हे त्यांना सशांवरील प्रयोगांत आधीच दिसले होते. त्यानंतर हाडाची प्रत्येक मिलिमीटर मोलाची झाली. उलट, दहनाबाबत एक सावधगिरी आज सांगावी लागते. हाडाला ४७ अंश सेल्सिअसची उष्णता एक मिनिटभर लागली तरी त्याच्या पुनर्निर्मितीस बाधा येते, असे १९८३ मधील प्रयोगांत दिसले आहे. ज्या पोकळीत पुढे इम्प्लांट घ्यायचे आहे तेथे दहनकर्म करणे म्हणजे मूळ भांडवलावरच घाव घालणे होय.

अस्थिरोपण कसे करतात

खरे रक्षण दात काढण्याच्या पद्धतीपासूनच सुरू होते. कुशल दंतवैद्य दात हिसका देऊन ओढत नाही. पातळ पात्याच्या उपकरणाने तंतू तोडत तो दात सैल करतो, दाढ असल्यास तिची मुळे कापून वेगळी करतो आणि एकेक करून काढतो, म्हणजे गालाकडील भिंत तुटत नाही. दात काढल्यावर पोकळी दोन बोटांनी चेपण्याची जुनी सवय अनेकांना आहे. जेथे रोपण करायचे असते तेथे ती टाळतात. मग पोकळीतील रोगट मांस खरवडून काढतात, ती धुतात आणि तिच्या भिंती शाबूत आहेत का ते पाहतात.

त्यानंतर अस्थिकण भरतात. हे कण बहुधा पाव ते एक मिलिमीटर आकाराचे असतात. ते सलाइनमध्ये किंवा रुग्णाच्याच रक्तात भिजवून पोकळीत हलक्या हाताने भरले जातात. ठासून भरत नाहीत, कारण कणांमधील फटींतूनच नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. वरून कोलाजेनचे पटल किंवा बूच ठेवून टाका घालतात. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा वेगाने वाढतात. पटल नसेल तर त्या आत शिरून हाडाची जागा बळकावतात. इम्प्लांटसाठी साधारणतः चार ते सहा महिने थांबावे लागते.

हे कण स्वतः हाड होतात असा रुग्णांचा समज असतो. बहुतेक द्रव्यांच्या बाबतीत तो खरा नाही. ते मांडवासारखे असतात. काकडीचा वेल मांडव खात नाही, त्याच्या आधाराने चढतो. तसे पोकळीच्या भिंतींतून येणारे नवे हाड या कणांच्या आधाराने वाढते आणि तोवर भिंतींना आतून टेकू मिळतो. काही द्रव्ये याहून थोडे अधिक करू शकतात. खनिज काढून टाकलेल्या हाडातील प्रथिने शेजारच्या पेशींना हाड निर्माण करण्याची प्रेरणा देतात. हे अमेरिकेतील युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले होते. स्वतः हाड तयार करणाऱ्या जिवंत पेशी मात्र केवळ रुग्णाच्या स्वतःच्या ताज्या हाडातच असतात.

द्रव्यांचे चार वर्ग आहेत. पहिले रुग्णाचे स्वतःचे हाड. हे सर्वोत्तम, पण त्यासाठी दुसरीकडे जखम करावी लागते आणि ते लवकर शोषलेही जाते. दुसरे अन्य मानवाचे, प्रक्रिया केलेले हाड. महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतीपेढी सुरू झाली. मानवी अस्थी व गर्भवेष्टनाची पटले तेथे वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवली जातात आणि दंतवैद्यही ती वापरतात. तिसरा वर्ग प्राण्यांच्या, मुख्यतः गोवंशाच्या हाडाचा. त्यातील सर्व सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज सांगाडा ठेवलेला असतो. तो फार सावकाश शोषला जातो, कित्येक वर्षे तेथेच राहतो आणि म्हणूनच आकार टिकवण्यास तो चांगला, असे मानले जाते. चौथा वर्ग कृत्रिम द्रव्यांचा : हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, तसेच जैवकाच. फ्रान्समधील शुक्रून यांनी २००१ मध्ये मांडलेली एक पद्धतही आता सर्रास दिसते. रुग्णाचे थोडे रक्त काढून, त्यात काहीही न मिसळता ते यंत्रात फिरवतात आणि तयार झालेला बिंबाणुयुक्त तंतुमय गोळा पोकळीत ठेवतात. मऊ भाग लवकर भरण्यास त्याची मदत होते. एकटाच वापरल्यास अस्थिकणांसारखा भरीव टेकू त्यातून मिळत नाही.

पुराव्याचे खरे वजन

आमचा दोष कळल्यावर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो आणि काही काळ प्रत्येक रुग्णास हाड भरून घ्या असे सांगू लागलो. तेही चूकच. अस्थिरोपणाने घट थांबत नाही, कमी होते. २०१९ मधील एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार नुसता दात काढण्याच्या तुलनेत रुंदीत सुमारे २ मिलिमीटर आणि गालाकडील उंचीत सुमारे १.७ मिलिमीटर हाड अधिक वाचते. पुढच्या दातासाठी २ मिलिमीटर ही फार मोठी रक्कम आहे. मागच्या रुंद दाढेसाठी ती कधी कधी काहीच नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यानेही रुंदी व उंचीची घट कमी होत असावी असे म्हटले, पण पुराव्याची खात्री कमी दर्जाची ठरवली. पुढे इम्प्लांट अधिक टिकते असे त्यातून सिद्ध झाले नाही. कोणते द्रव्य सर्वश्रेष्ठ, याचाही निर्णय लागलेला नाही. एखाद्या विशिष्ट कंपनीचेच द्रव्य हवे असा आग्रह कोणी धरत असेल, तर त्यामागे शास्त्रापेक्षा सवयीचा भाग अधिक असतो.

म्हणून रुग्णाने विचारल्यास आज आम्ही प्रथम उलट प्रश्न विचारतो : त्या जागी पुढे काय बसवायचे आहे? अक्कलदाढ काढायची असेल तर रोपणाचे प्रयोजन नाही. इम्प्लांट नकोच असेल आणि दाढ मागची असेल, तरी बहुधा नाही. इम्प्लांट त्याच बैठकीत बसणार असेल तर तो निर्णय वेगळा आणि तो सर्वस्वी दंतवैद्यांचा. परंतु दात वरचा पुढचा असेल, भिंत पातळ किंवा तुटलेली असेल, इम्प्लांट हवे आहे पण काही महिन्यांनी, अशा वेळी नकार देण्याआधी पुन्हा विचार करा, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पुढच्या दातांच्या जागी नुसता ब्रिज करायचा असला तरी खचलेल्या हिरडीवर कृत्रिम दात लांब दिसतो आणि खाली काळी फट राहते. हसणाऱ्या माणसाला ती आयुष्यभर जाणवते.

वैद्यांच्या आणि औषधी दुकानदारांच्या हाती काय आहे

रोपण करणे हे आपले काम नाही. २०२० च्या अधिसूचनेत शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी दंतकर्मांचा समावेश झाला, त्यावर बराच गदारोळही झाला. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. बी.ए.एम.एस. असलेल्या सर्वसाधारण चिकित्सकाच्या हाती जे आहे तेही कमी महत्त्वाचे नाही.

पहिली गोष्ट गंडूष व कवलाची. दात दुखतो म्हटले की आपण कोमट काढ्याने किंवा इरिमेदादि तैलाने गंडूष सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दात काढल्यानंतर पहिले चोवीस तास कोणत्याही द्रवाने चूळ भरणे, थुंकणे, स्ट्रॉने ओढून पिणे वर्ज्य. पोकळीतील गुठळी हाच पुढच्या सर्व हाडाचा पाया आहे. ती निघून गेली तर दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारा असह्य ठणका सुरू होतो आणि पोकळी कोरडी, उघडी दिसते. आम्ही हे एकदा आमच्याच सल्ल्याने झालेले पाहिले आहे. त्याच संध्याकाळी त्रिफळ्याच्या काढ्याने चूळ भरायला आम्हीच सांगितले होते. अस्थिरोपण झालेले असल्यास काळजी आणखी हवी, कारण चूळ भरताना कणही बाहेर येतात. एखाददुसरा वाळूसारखा कण तोंडात आला तर घाबरू नये, पण पटल निघाले किंवा पू दिसला तर त्वरित दंतवैद्यांकडे पाठवावे.

दुसरी गोष्ट दुकानदारांसाठी. पोकळीत लवंगतेलाचा बोळा, तुरटीची लाही, भस्म वा चूर्ण भरण्याचा सल्ला काउंटरवरून देऊ नये. भस्म कितीही वारितर असले तरी ते पोकळीत ठेवण्यासाठी निर्जंतुक केलेले नसते. मशेरी, गुटखा व धूम्रपान निदान टाके निघेपर्यंत पूर्ण बंद हवे. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला नाही म्हणतात, म्हणून मशेरीचे नाव घेऊनच विचारावे.

तिसरी, सर्वांत गंभीर. अस्थिसौषिर्यासाठी आठवड्यातून एकदा ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनेटचे इंजेक्शन घेणाऱ्या, तसेच कर्करोगासाठी अशी औषधे मोठ्या मात्रेत घेणाऱ्या रुग्णांत दात काढल्यानंतर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. अमेरिकेतील मार्क्स यांनी २००३ मध्ये असे रुग्ण प्रथम नोंदवले. अशा रुग्णाचे औषध आपण परस्पर बंद करू नये. त्याने ते दंतवैद्यांना सांगितले आहे की नाही एवढे मात्र विचारावे. बऱ्याचदा सांगितलेले नसते, कारण ‘हाडाची गोळी’ आणि ‘दात’ यांचा संबंध रुग्णाच्या मनात येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबत हेच, आणि आपल्या बाजूने लसूण, गुग्गुळ, हळद यांचे मोठ्या मात्रेतील कल्प चालू असतील तर त्यांचीही माहिती चिठ्ठीत द्यावी. मधुमेह आटोक्यात नसेल तर आधी तो आटोक्यात आणावा.

आता आमच्या लाक्षा-गुग्गुळाविषयी. अस्थिशृंखलेवर बनारस हिंदू विद्यापीठात उडुप व प्रसाद यांनी १९६० च्या दशकात अस्थिभंगाच्या प्राण्यांवरील प्रयोगांत केलेले काम आपणांस ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण अस्थिभंग जुळणे आणि दंतोलूखलाची भिंत टिकणे या भिन्न क्रिया आहेत. भंगात दोन जिवंत टोके जुळतात, येथे आधार गेलेला थर शोषला जातो. ही औषधे व्रणरोपणास साहाय्यक म्हणून द्यावीत. रोपणाला पर्याय म्हणून देऊ नयेत. आम्ही ती तशी दिली होती.

शेवटी एक विषय, ज्यात दंतवैद्यांपेक्षा आपली मदत रुग्णाला अधिक होते. अस्थिकण कशाचे, हे पुष्कळ रुग्णांना सांगितले जात नाही. ‘बोन पावडर’ एवढेच बिलावर असते. गेल्या वर्षी एक जैन कुटुंबातील काकू दात काढण्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आल्या. त्यांना कोणीतरी हे गाईचे हाड असते असे सांगितले होते, आणि त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. आपल्या दुकानात कुक्कुटांडत्वक् भस्म घेताना असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, हा भाग वेगळा. आम्ही दंतवैद्यांना दूरध्वनी केला. त्यांनी गोवंशीय द्रव्याचीच योजना केली होती, पण कारण कळताच ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वापरण्यास ते आनंदाने तयार झाले. मग वरच्या पटलाचा प्रश्न निघाला, कारण कोलाजेनही प्राणिजन्यच असते. काकूंच्याच रक्तापासून केलेले तंतुमय पटल वापरायचे ठरले. पाच महिन्यांनी इम्प्लांट बसले. त्या दिवशी संध्याकाळी काकू पेढे घेऊन आल्या, आणि सूज उतरेपर्यंत आपण स्वतः मऊ भातच खाणार असल्याचे सांगून गेल्या.